द्वारका अक्कांचा चौरंग

धुळ्यातल्या गल्ल्यांना नंबर असतात. आमच्याही गल्लीला आहे, पण तो मी सांगणार नाही. पुढं जे लिहितोय त्यातलं निम्मं खरं आहे, उरलेलं निम्मं त्याहून खरं आहे, आणि त्या गल्लीतली माणसं अजून धडधाकट आहेत. मी आता जळगावला मुलाकडं राहतो हे त्यांना ठाऊक आहे, आणि धुळ्याहून जळगावला बसची काही कमी नाही. तेव्हा नंबर राहू द्या.

त्या गल्लीत माझ्या घराला लागून द्वारका अक्का राहायच्या. राहायच्या हे आपलं म्हणायचं. राहणारा माणूस कुठंतरी टेकतो. अक्का टेकायच्या नाहीत. चहा उभ्यानं, भाजी निवडणं उभ्यानं, शेजारणीशी भांडण तर उभ्यानंच, आणि झोपसुद्धा त्या घोड्यासारखी उभ्यानं घेत असाव्यात असा माझा बरीच वर्षं समज होता. लोकांच्या एका पायाला भिंगरी असते. अक्कांच्या दोन्ही पायांना होती आणि त्या उलटसुलट फिरायच्या, त्यामुळं अक्का एकाच वेळी चुलीपाशी आणि ओट्यावर दिसायच्या. कुणी "बसा ना अक्का" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "बठीसन काय करू? कोंबडी शे का मी, अंडा उबवाले?"

आवाजाचं तर सांगतच नाही. बरं, सांगतो. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी सुनेला "रेखाऽऽ" अशी हाक मारली की तिकडं साक्रीच्या बाजारात बैल बिथरायचे. एकदा तर रावेरहून केळी भरून चाललेला ट्रक हायवेवर आपोआप कडेला लागला. ड्रायव्हरला वाटलं, मागून रेल्वे आली.

ह्या आवाजाचा कारखाना म्हणजे त्यांची छाती, आणि ती छाती त्यांनी जन्मभर धुरात ठेवलेली. नवरा लवकर गेला तेव्हा अक्कांनी खानावळ काढली. कॉलेजची पोरं, जिनिंगमधले कारकून, बदलीवर आलेले मास्तर असे सगळे तिथं जेवले आणि जाडे होऊन गेले. हिवाळ्यात भरिताच्या पार्ट्यांच्या ऑर्डरी. कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यावर पोतं-पोतं वांगी, आणि जाळात हात घालून ती उलटणाऱ्या अक्का. भरीत असं व्हायचं की खाणारा घरचा पत्ता विसरायचा, आणि धूर असा व्हायचा की पत्ता आठवला तरी घर दिसायचं नाही. आम्ही डोळे चोळत बाहेर पळायचो. अक्का आतच. खोकत, हसत, शिव्या देत आत.

मग एका वर्षी अक्का थांबायला लागल्या.

पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्या नुसत्या थांबायच्या नाहीत, चौकशा करायच्या. किराणा आणायला निघाल्या की दर दोन-तीन दारांनंतर उभ्या. शिंप्याच्या दुकानापाशी, "ब्लाउजले कापड कितलं लागस?" स्वतःचे ब्लाउज जन्मभर स्वतः शिवणारी बाई ही! पुढच्या ओट्यापाशी तुळशीकडं बघत, "इले पानी कोन टाकस?" आणि माझ्या गेटपाशी तर रोज. "भाऊ, हाऊ रंग कोनता शे रे?" रंग निळा होता. आंधळ्यालासुद्धा दिसेल असा निळा. मी सांगायचो, "निळा, अक्का." त्या मान हलवायच्या, गेटच्या सळीला धरून त्या रंगाकडं बघत राहायच्या, आणि इतका वेळ बघायच्या की मला वाटलं, रंग वाईटच दिसत असणार. मी तो बदलून हिरवा केला. अक्का थांबल्याच. मग करडा केला. तरी थांबल्या. त्या काळात मी रंगाच्या दुकानाचा आधारस्तंभ होतो.

म्हातारपणी बाईला चौकशा सुचायला लागल्या, असं गल्लीनं ठरवलं. ती बाई दम खात होती हे त्यांच्या घरात राहणाऱ्या रेखालाही कळलं नव्हतं.

कळलं ते श्रावणात, कानबाईच्या तोंडावर. नागपंचमीनंतरचा रविवार आला की आमच्याकडं घराघरांत कानबाई बसते. घराला चुना लागतो, सुरतेला गेलेले भाऊबंद परततात, रोट होतात, आणि सोमवारी सकाळी चौरंगावर सजवलेली देवी डोक्यावर घेऊन बायका वाजतगाजत नदीवर जातात. अक्कांच्या भाऊबंदांत हा चौरंग थोरल्या सुनेच्या डोक्यावर. सासू गेल्यापासून तो अक्कांच्या डोक्यावर होता, आणि त्या तो घेऊन पांझरेपर्यंत चालायच्या नाहीत, नाचायच्या. त्या वर्षी भिंती खरवडताना चुन्याची धूळ उडाली, अंगात ताप होता तो कुणाला सांगितला नाही, आणि अक्का मोरीच्या उंबऱ्यावर बसल्या. बसल्या! ते बघूनच रेखा किंचाळली. नीट बसणारी सासू तिनं लग्नापासून पाहिली नव्हती.

दवाखान्यात नाकाला नळी. डॉक्टरनं विचारलं, "किती वर्षं बिडी ओढता?"

"बिडी नही, डॉक्टर," अक्का शब्दाशब्दाला थांबत म्हणाल्या, "चूल वढी मी. जलमभर."

फुफ्फुसाचा जुना आजार निघाला. धुरानं आतल्या वाटा अरुंद झालेल्या, कायमच्या. बऱ्या होणार नाहीत, पण औषधानं, तोंडानं ओढायच्या पंपानं आणि शहाणपणानं सांभाळता येतील. त्या सोमवारी चौरंग रेखाच्या डोक्यावर नदीला गेला. बँडचा आवाज दवाखान्याच्या खिडकीतून आत येत होता आणि अक्का भिंतीकडं तोंड करून पडून होत्या. मी बाकावर होतो. माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या, "पुढला वरीसले चौरंग मना डोकावर ऱ्हाई. आयकी ले."

ऐकलं. हसलोही असेन. घरी आल्यावर अक्कांच्या मुलानं एक आरामखुर्ची आणली आणि आईला तिच्यात ठेवलं. उठायचं नाही, काम करायचं नाही, आराम. सगळी गल्ली यायची आणि आराम करा म्हणून सांगायची. आराम सांगायला येणाऱ्यांची इतकी गर्दी की अक्कांना पडायला जागा नव्हती. दिवाळीपर्यंत त्यांचे पाय काटक्यांसारखे झाले. आधी दोन-तीन दारांनंतर दम लागायचा, आता न्हाणीपर्यंत जाताना लागायला लागला.

तपासणीला मुलाला सुट्टी नसायची, म्हणून रिक्षात सोबत मी. तिथं छातीच्या विभागात व्यायाम शिकवणाऱ्या अहिरे मॅडम होत्या. साक्रीकडच्या, वयानं अक्कांच्या नातीएवढ्या, आवाज एवढासा. त्यांनी अक्कांच्या पोटऱ्या दाबून बघितल्या आणि विचारलं, "ह्यांना खुर्चीत कुणी बसवलं?"

"बठ्ठासनी," अक्का म्हणाल्या. म्हणजे सगळ्यांनी.

"मग बठ्ठासनी चूक केली. बसून राहिलात तर पायांची ताकद जाते, आणि पाय कमजोर झाले की तेवढ्याच चालण्याला छातीवर जास्त ताण. चालायचं. रोज. पण मी सांगते तसं."

उठ म्हणणारा माणूस अक्कांना इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच भेटला होता. त्या मॅडमकडं अशा बघायला लागल्या की जणू कानबाईच खुर्चीवर बसलीय.

मॅडमचं सांगणं सोपं होतं. डॉक्टरांनी सांगितलेला पंप व्यायामाच्या थोडं आधी घ्यायचा, आणि तो पिशवीत कायम जवळ. सुरुवात सावकाश, शेवट सावकाश, एकदम उभं राहायचं नाही. जेवणावर लगेच नाही. नाकानं श्वास आत, आणि ओठांचा चंबू करून बशीतल्या गरम चहावर फुंकर घालतो तसा हळूहळू बाहेर. जोर लावायचा तो फुंकरीबरोबर. उचलताना फू, चढताना फू. ताप असला, कफ वाढला किंवा त्याचा रंग बदलला की त्या दिवशी चालणं बंद आणि डॉक्टरला फोन. छातीत दुखलं, चक्कर आली, ओठ निळे पडले की थांबायचं. दम लागला की पुढं वाकून, हात मांड्यांवर टेकून बसायचं. रक्तातला प्राणवायू मोजायला बोटाला लावायचा चिमटा दिला. त्यावरचा आकडा ठरवून दिलेल्याच्या खाली गेला की विश्रांती. अक्कांनी तो चिमटा आठवडाभर गल्लीतल्या प्रत्येकाच्या बोटाला लावून बघितला. एका बोकडाच्या शिंगालाही लावला असं मी म्हणेन, पण माझ्यावर विश्वास ठेवलाच पाहिजे असं नाही.

"आणि चालताना बोलता आलं पाहिजे," मॅडम म्हणाल्या.

"बोलता?" मी मध्येच म्हणालो. "मॅडम, ह्या मेल्यावरही..."

"एक पूर्ण वाक्य," मॅडम म्हणाल्या. "मध्ये न तुटता. तुटलं की वेग जास्त झाला, थांबायचं. तुमचं तुम्ही एक वाक्य ठरवा, अक्का."

अक्कांनी विचारही केला नाही. "मी द्वारका, कोनाच बापले भ्यास नही."

झालं. दुसऱ्या दिवसापासून ऊन वर आलं की अक्का गल्लीत चालायला निघायच्या आणि थोड्या थोड्या वेळानं ठणकावून सांगायच्या की मी द्वारका, कुणाच्या बापाला भीत नाही. गल्लीला कल्पना नव्हती. समोरच्या पुष्पाकाकूंचं आणि अक्कांचं नळाच्या पाण्यावरून जुनं वाकडं. त्यांच्या दारापाशी वाक्य आलं की काकूंना वाटायचं, आपल्यालाच. चौथ्या-पाचव्या फेरीला काकू पदर खोचून बाहेर आल्या.

"कोण भितंय तुम्हाला, अक्का? या ना, या!"

अक्का आनंदल्या. भांडण हा त्यांचा आवडता पदार्थ. पण त्या चालत होत्या, फुंकर चालू होती, ती संपेपर्यंत उत्तर देता येईना. काकू बोलताहेत, बोलताहेत, आणि अक्का ओठांचा चंबू करून नुसत्या फूऽऽ करताहेत. इतका अपमान काकूंचा माहेरीही झाला नव्हता. रेखानं येऊन सगळं समजावलं. काकूंनी खोचलेला पदर सोडला. मग म्हणाल्या, "असं आहे होय. मग म्हणा की, जोरात म्हणा. माझ्या दारापाशी नाही आलं वाक्य पूर्ण तर मी येते खुर्ची घेऊन."

हिवाळ्यात सकाळी गल्लीत धुकं आणि कचऱ्याचा धूर. तेव्हा चालणं घरात, खाटेभोवती. अक्का त्या खाटेला इतक्या फेऱ्या घालायच्या की खाटेलाच आपण देव झालो असं वाटलं असेल. आणि त्याच हिवाळ्यात त्यांनी तेच केलं जे आधी केलं होतं. ताप लपवला. कफ पिवळा झाला तो लपवला. एक दिवस चुकवला तर श्रावण लांब जाईल म्हणून चालत राहिल्या आणि पुन्हा दवाखाना.

ह्या वेळी अहिरे मॅडम ओरडल्या नाहीत. कॉटच्या कडेवर बसून हळू बोलत होत्या. मी पाण्याची बाटली भरून आणली होती ती हातातच राहिली.

"अक्का, तुम्ही रस्त्यात कशा थांबता ते मला माहीत आहे. ह्या आजाराची खूप माणसं तसंच थांबतात. कुणी चप्पल बघतं, कुणी मोबाईल काढतं. तुम्ही काय करता?"

अक्का छताकडं बघत होत्या. "रंग देखस," त्या म्हणाल्या.

माझे दोन डबे रंग!

"चौरंग डोक्यावर असेल तेव्हा काय बघाल? वर धरलेले हात, डोक्यावर ओझं, भोवती गर्दी. हात वर धरले की छातीचे जे स्नायू श्वासाला मदत करतात ते हातांना सांभाळण्यात गुंततात. चांगल्या माणसालाही दम लागतो. तिथं तोंडानं सांगावं लागेल, मला दम लागला, धरा. येतं का तुम्हाला असं म्हणता?"

"त्यात काय शे?"

"म्हणा मग."

जी बाई कुणाच्या बापाला भीत नव्हती तिला ते एवढं वाक्य येईना. कूस बदलून त्या म्हणाल्या, "सकाळ मा म्हनसू."

"डॉक्टर हो म्हणाले आणि तुम्ही चारचौघांत, काही निमित्त न काढता, असं म्हणालात तर चौरंगाचं बघू. नाही तर रेखाताई आहेतच."

उन्हाळाभर हातांचे व्यायाम. आधी रिकामे हात वर, फुंकरीबरोबर. मग लाटणं. मग तुरीच्या डाळीची पुरचुंडी, ती हळूहळू वाढत गेली आणि डाळही महागत गेली. बाकी सगळं जमत होतं. वाक्य जमत नव्हतं. रेखा मला म्हणायची, "भाऊ, घरात माझ्यासमोरसुद्धा म्हणत नाहीत. कपाट आवरायचं निमित्त काढून कपाटात तोंड घालून उभ्या राहतात. मला कळतं ना. मीही जाऊन विचारते, आई, काय शोधताय? काय शोधणार? श्वास."

आषाढात तो प्रकार झाला. अक्कांनी चौरंगावर तांदळाची छोटी थैली ठेवली, ती घसरू नये म्हणून वर लाल ओढणी बांधली, डोक्यावर चुंबळ, त्यावर चौरंग. रेखा बाजूला हात धरून. त्या दिवशी अक्का डोक्यावरून न्हाल्या होत्या, केस मोकळे. समोर एकटक नजर, कारण मॅडमनी सांगितलं होतं की मान हलवू नका. आणि तोंडानं संथ, लांब, फूऽऽ... फूऽऽ...

आता तुम्हीच सांगा. लाल ओढणीचा चौरंग, मोकळे ओले केस, ताठ मान, फुत्कार. खानदेशातला माणूस याचा काय अर्थ लावेल?

"कानबाई उनी! अक्काच्या अंगात आली!" कुणीतरी ओरडलं आणि गल्ली फुटली. बायका हळद-कुंकू घेऊन, पुरुष नारळ घेऊन, एक जण दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून. पुष्पाकाकूंनी थेट पायांवर पाणी घातलं आणि डोकं ठेवलं. अक्कांना चालता येईना, पुढं काकू, मागं नारळ. रेखा सांगत होती, "अहो व्यायाम आहे, व्यायाम!" पण ढोलवाला शेजारच्याच गल्लीत राहायचा आणि तोही पोचला होता.

"बाई," काकू हात जोडून म्हणाल्या, "आमच्या राजूचं लग्न कधी जमेल?"

बाई कशी बोलणार? फुंकर संपायची होती. अक्कांनी नुसते डोळे वटारले. काकू आणखी वाकल्या. भोवती माणसांचं कडं आवळत गेलं, उदबत्त्या पेटल्या, धूर वर यायला लागला, आणि तो नाकाशी येताच अक्कांचा आवाज फुटला. जुना आवाज! साक्रीचे बैल त्या दिवशी दावं तोडून गेले असणार.

"अवं येडी, दम लागना शे माले! दम! सरक बाजूले, हवा येऊ दे! इझाय ती उदबत्ती!"

सगळी गल्ली सरकली. रेखानं चौरंग उतरवला, अक्का ओट्यावर टेकल्या, पुढं वाकल्या, हात मांड्यांवर. आणि लोक हात जोडून उभेच. पुष्पाकाकूंनी तर घरी जाऊन राजूच्या खोलीची खिळे ठोकलेली खिडकी उघडली, देवीनं हवा येऊ दे म्हटलं म्हणून. त्या खिडकीसमोरच्या घरातल्या मुलीशी त्याचं पुढं जमलं. खोटं वाटत असेल तर राजूला विचारा. गल्लीचा नंबर देत नाही म्हणून काय झालं?

पुढच्या तपासणीला मी मोठ्या उत्साहानं सांगितलं, "मॅडम, म्हणाल्या! चारचौघांत काय, शंभर लोकांत म्हणाल्या!"

मॅडम पोट धरून हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "रागात म्हटलेलं धरत नाही."

तरी डॉक्टर हो म्हणाले. अटी घालून. चौरंग हलका, सजावट कमी, एका बाजूला रेखा, वाटेत बदलायची तयारी, आमच्या गल्लीपुरता गुलाल बंद, झेंडूच्या पाकळ्या. मला काम मिळालं लाल प्लास्टिकच्या खुर्चीचं. ती डोक्यावर घेऊन मी मिरवणुकीत चालायचं.

श्रावणातल्या त्या सोमवारी सकाळी कानबाई उठली. अक्कांनी पंप घेतला, हिरवी साडी, कपाळभर कुंकू, आणि चौरंग डोक्यावर गेला. गल्ली त्यांनी सहज काढली. दर दाराला देवी थांबते, आरती होते, नारळ फुटतो. दर दाराला फुंकर. कुणाला काही विचारायची गरज नव्हती. रेखानं चालता चालता दोनदा वाक्य म्हणायला लावलं. "मी द्वारका, कोनाच बापले भ्यास नही!" बँडवाल्याला वाटलं आरोळी आहे, त्यानं प्रत्येक वेळी ड्रम बडवला. मागचे भाऊबंद म्हणत होते, गेली हो, अक्का नदीपर्यंत गेली आज. मीही म्हणत होतो. खुर्ची डोक्यावर घेऊन मी नाचलोसुद्धा, आणि चार पाय वर असलेला माणूस नाचताना कसा दिसतो हे तुम्ही कल्पनेनं बघा.

मग गल्ली संपली. मोठा रस्ता. दारं नाहीत, आरत्या नाहीत. इतर गल्ल्यांच्या कानबाया येऊन मिळाल्या, त्यांचे बँड, त्यांचा गुलाल. एक गुलाबी ढगच उठला. रेखानं पदर सासूच्या नाकावर धरला. अक्का चालत होत्या, पण पाऊल बदललं होतं. खांदे वर आले होते. मी जवळ सरकलो.

"आई, म्हणा," रेखा म्हणाली.

"मी द्वारका... कोनाच..."

पुढचं आलं नाही. अक्कांनी डावीकडं बघितलं. तिथं एक बंद दुकान होतं, शटर खाली, त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. विचारण्यासारखं काही नव्हतं. मागून भाऊबंद ओरडत होते, "चला अक्का! आली नदी, आली!" एक म्हातारा दीर तर हात जोडून म्हणत होता, एवढं घेऊन जा, एवढंच. बँड चढला होता. आणि खरं सांगू? मलाही वाटत होतं, जावं. एवढी चालली बाई, आणखी थोडं जावं.

अक्का उभ्या राहिल्या. फुंकर घातली. आणखी एक घातली. मग साध्या, घरगुती आवाजात, मीठ दे म्हणावं तशा म्हणाल्या, "रेखा, माले दम लागना. धर."

चौरंग रेखाच्या डोक्यावर गेला. म्हातारा दीर काहीतरी बोलायला गेला, अक्कांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. मी खुर्ची ठेवली, त्या बसल्या, वाकल्या, हात मांड्यांवर. मी तिथंच थांबणार होतो, पण पुष्पाकाकूंनी मला ढकललं.

"तुम्ही जा पुढं, नाचा. इथं वारा अडवू नका. मी आहे."

आम्ही नदीला पोचलो. पात्रात घोट्याएवढं पाणी, वाळू, ऊन. इतर कानबाया आल्या, पाण्यात गेल्या, लोक रिवाजाप्रमाणे मूठभर वाळू घेऊन परत फिरले. आमची रेखा पाण्यात उभी, चौरंग डोक्यावर, मान ताठ, आणि उतरवायला तयार नाही.

"आई आल्याशिवाय नाही."

"अगं मुहूर्त..."

"मुहूर्त उभा राहील माझ्यासारखा."

बँडवाल्यांची गाणी संपली, त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सुरू केली. पोरं भुकेली, म्हातारे वैतागले, भाऊबंदांना सुरतेची गाडी गाठायची. सगळे टाचा उंचावून पुलाकडं बघत होते. मी दोनदा वर जाऊन आलो, तिसऱ्यांदा निघालो तेव्हा कुणीतरी ओरडलं, "आल्या!"

वाळूच्या टोकाला अक्का दिसल्या. हिरवी साडी, गुलालानं गुलाबी झालेले केस, हातात पंपाची पिशवी. मागं पुष्पाकाकू, डोक्यावर लाल खुर्ची, एका हातानं सावरलेली, जशी दुसरीच देवी चाललीय. सगळी गल्ली एकदम हाका मारायला लागली. "या अक्का! लवकर! पाय उचला!" माणसं हात हलवत होती, टाळ्या पिटत होती, ढोलवाल्यानं ढोल वाजवला, कुणी तर उचलून आणायला धावत निघालं.

जन्मभर जिला कुणी धरून बसवू शकलं नाही ती बाई चालत होती, आणि तिला कुणी घाई करू शकत नव्हतं. चार पावलं. मग उघड्या वाळूत, सगळ्यांच्या देखत, उभी. ना इकडं बघणं, ना तिकडं. समोर आम्ही, आमच्याकडंही नाही. नुसती उभी, ओठ पुढं, फुंकर जात होती ती तेवढ्या लांबून मला दिसत होती. पुन्हा चार पावलं.

पुढच्याच महिन्यात मी जळगावला आलो. त्यानंतर दोन हिवाळ्यांनी अक्का गेल्या, तेव्हा मी नव्हतो. त्यामुळं माझ्या डोळ्यांपुढं त्या अजून तिथंच आहेत, वाळूत, अर्ध्या वाटेवर.

रेखानं पाण्यातून हाक दिली, सासूची हाक, तीच, बैल बिथरवणारी. "कोणी आवाज करू नका रेऽऽ! त्या येताहेत!"

ढोल थांबला. बँड थांबला. आणि आम्ही बठ्ठे, सुरतेच्या गाडीसकट, थांबलो.